धाकटीची जीभ

आमच्या घराण्यात अक्कल थोडी कमी असेल, पण जीभ आहे, असं मामंजी म्हणजे माझे सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. पहिला भाग ते विनोद म्हणून सांगतात. तो विनोद नाही.

आमचा कपबशांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे वर पत्रे, खाली ओल, मधे चार चाकं, भिंतीला साच्यांच्या फळ्या आणि मागच्या बाजूला भट्टी. भट्टीसमोर खुर्ची टाकून माझा नवरा बसतो. दोघंही दिवसभर तापलेले असतात. फरक एवढाच, की भट्टीतून संध्याकाळपर्यंत काहीतरी बाहेर पडतं. धाकटे भावोजी गिऱ्हाइकांकडे माल पोचवतात आणि उरलेला वेळ फोनवर दुसऱ्यांच्या मोटारी बघत बसतात. मी माल निवडते, कागदात गुंडाळते, खोक्यात भरते. कोणता कप धड आहे आणि कोणत्याला केसाएवढी चीर आहे हे या घरात फक्त मला कळतं. माणसांचंही तसंच कळतं, असं मी बरीच वर्षं समजत होते.

आता जिभेचं सांगते. आमच्याकडे माती गोण्यांतून येते, आणि आली की ती चाखून घ्यायची. गोणीत कोपरापर्यंत हात घालून मधली चिमूट काढायची, पुढच्या दातांत धरून हळू चावायची, मग जिभेनं टाळूवर फिरवायची. विरघळली तर चांगली. कचकचली तर रेती आहे, गाळून घ्यायची. खरी भीती चुनखडीची. तिचा कण मोहरीएवढासुद्धा नसतो, पण तो भट्टीतून सुखरूप बाहेर येतो, आठ-दहा दिवस गप्प बसतो, आणि मग हवेतली ओल पिऊन फुगतो. गिऱ्हाइकाच्या हातात कपाचा टवका उडतो. चाखून झालं की थुंकायचं आणि चूळ भरायची. थुंकायला एक पत्र्याचा डबा ठेवलेला असतो. माती तपासायची यंत्रं निघाली त्यालाही जमाना झाला, पण यंत्राला कुणी ‘वा’ म्हणत नाही आणि मामंजींना ‘वा’ लागते.

नव्यानं आलेला प्रत्येक कामगार पहिल्याच आठवड्यात ‘तुमचा तर माती खायचाच धंदा’ म्हणतो आणि आपणच हसतो. आम्ही हसत नाही. आमच्या दृष्टीनं माती कुणी खात नाही, चाखतात. खाणं वेगळं, चाखणं वेगळं. हा फरक या घरात लहान पोरांनाही पाठ असतो, आणि याच फरकानं पुढे आमचं वाटोळं होता होता राहिलं.

मामंजींची कवळी आली तेव्हा त्यांची जीभ संपली. कवळीच्या दातांना रेतीची कचकच कळत नाही. मग ते काम माझ्याकडे आलं. नऊ वर्षं मी माती चाखली. गिऱ्हाइकं आली की मामंजी मला बोलवायचे, मी चिमूट तोंडात टाकायची, डोळे मिटायची, थुंकायची आणि मान हलवायची. बायको बाजारात न्यायला लाजणारा माझा नवरासुद्धा तेव्हा खुर्ची फिरवून बघायचा. मला ते आवडायचं. लपवून काय करू?

मग भावोजींचं लग्न झालं आणि धाकटी आली. अंगानं एवढीशी, आवाज त्याहून एवढासा. तिला कपांच्या काठावर निळी रेघ मारायला बसवलं. फिरत्या कपावर कुंचला टेकवून ती श्वास धरायची आणि रेघ जिथे सुरू झाली तिथेच येऊन मिळायची. मी मनात म्हटलं, बरं आहे, रेघा मारायला एक मिळाली. एके दिवशी मी पास केलेल्या गोणीतली चिमूट तिनं सहज तोंडात टाकली आणि म्हणाली, “ताई, यात चुन्याचं काहीतरी आहे का हो?”

मी म्हटलं, “तुझ्या दातात कालचा भात अडकला असेल.”

दहा दिवसांनी साडेतीनशे कपांचे टवके उडाले.

मातीची पुढची गाडी आली तेव्हा मामंजींनी चिमूट काढली आणि माझ्यापुढून हात नेऊन धाकटीच्या तळहातावर ठेवली. तेवढंच. एखाद्याचं ताट ओढून घ्यायला याहून जास्त काही करावं लागत नाही. धाकटी बावळटासारखी माझ्याकडे बघत राहिली, मी खोक्याला दोरी बांधत राहिले.

वर्षाभरानं तिला दिवस गेले. घरात आनंद झाला, म्हणजे मामंजींनी बातमी चौघांना सांगितली आणि भावोजींनी दोन दिवस फोन खिशात ठेवला. तिसऱ्या महिन्यापासून ती सुकायला लागली. अन्न नको म्हणायची. सकाळी उठवायला गेलं तर डोळे टक्क उघडे, पण उठायची नाही. बसल्या बसल्या डोळ्यांतून पाणी गळायचं आणि पुसायचीही नाही, जणू ते दुसऱ्या कुणाचं होतं. निळी रेघ सुरुवातीला येऊन मिळेनाशी झाली. मी एकेक कप उजेडात धरून दुय्यम मालात टाकायची आणि तिला ऐकू जाईल अशा बेतानं टाकायची.

घरच्यांची याच्यावरची औषधं ठरलेली होती. मामंजी म्हणाले, “या दिवसांत होतं असं.” त्यांना कुठले दिवस गेले होते कोण जाणे. भावोजी म्हणाले, “हस की जरा.” माझ्या नवऱ्यानं भट्टीकडे बघत सांगितलं की मनावर घेऊ नये. मन म्हणजे काय ओट्यावरचा डबा आहे, की मांजर चढू देऊ नये? पण मी तरी काय वेगळं केलं! मी म्हटलं, “अगं, बायका शेकडो वर्षं पोरं जन्माला घालतायत. तू काही पहिली नाहीस.” असं बोललं की बोलणाऱ्याला फार शहाणं वाटतं. ऐकणाऱ्याला काय वाटतं, ते विचारायची पद्धत आमच्याकडे नाही.

चौथ्या महिन्यात मला कळलं. सकाळी झाडलोट करताना मी थुंकायचा डबा धुवायला उचलला तर तो कोरडा होता. आदल्या दिवशी सहा गोण्या चाखल्या होत्या. मी तो पालथा केला, बोट फिरवलं. कोरडा ठणठणीत. त्या दिवसापासून मी नजर ठेवली. ती चिमूट नाही, मूठ घ्यायची. सकाळी एक, जेवणाच्या सुट्टीत एक, चहानंतर एक. भट्टीत एकदा भाजलेल्या, अजून चकाकीचा लेप म्हणजे ग्लेझ न चढवलेल्या कपाचे तुकडे असतात, ते ती खिशात ठेवायची आणि सुपारीसारखे कडाकडा चावायची. आणि हे सगळं कुठे? कोपऱ्यात नाही, मोरीत नाही. माझ्या खोक्यांच्या टेबलासमोर दोन हातांवर तिचं स्टूल होतं, त्यावर बसून. माझ्याकडे बघत.

मला वाटलं, काय निर्लज्ज आहे! माझं काम घेतलं, आणि आता ते काम चघळून चघळून मला दाखवते आहे.

मी कुणाला सांगितलं नाही. कारणं मी स्वतःला भरपूर दिली. आपण कशाला मधे पडा. लावालावी केली म्हणतील. डोहाळे असतील, जातील. खरं कारण एकच होतं आणि ते मला तेव्हाही ठाऊक होतं. मामंजींची लाडकी जीभ चोरून माती खाते हे मला कळलं होतं आणि त्यांना कळलं नव्हतं. एवढ्याशा गोष्टीवर मी रात्री सुखानं झोपत होते. माणूस किती स्वस्तात खूश होतो बघा.

पाचव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंकडे गेलो. भावोजी, धाकटी आणि सोबत म्हणून मी. त्या बाईंच्या टेबलावर तपासण्यांचे कागद आणि दाराबाहेर तीस बायका. त्यांनी धाकटीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, कागद बघितला आणि म्हणाल्या, “रक्त फारच कमी आहे. गोळ्या घेता ना?”

“घेते,” धाकटी म्हणाली. घेत होती. वर माती खात होती, त्यामुळे गोळ्यांतलं लोह अंगी लागतच नव्हतं. हे मला पुढे कळलं.

“खडू, माती, राख, कोळसा, बर्फ, असलं काही खावंसं वाटतं? खाता?” त्यांनी न बघता विचारलं. यादीतला प्रश्न होता.

भावोजी हसले. “छे हो, डॉक्टर! असलं काही नाही आमच्याकडे.”

ते खोटं बोलत नव्हते. हीच तर गंमत. ज्याची बायको त्याच्या डोळ्यांदेखत दिवसातून दहादा माती तोंडात घालते, तो माणूस छातीवर हात ठेवून सांगत होता की ती माती खात नाही. कारण त्याच्या लेखी ते खाणं नव्हतंच. ते काम होतं. न्हाव्याला कुणी विचारलं की तुम्ही लोकांच्या गळ्याला वस्तरा लावता का, तर तोही छे छेच म्हणेल. तसंच.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. “तुम्ही घरातच असता ना? काही बघितलंय?”

धाकटीनंही माझ्याकडे बघितलं. खुर्चीच्या काठावर बसली होती, हात मांडीखाली दाबलेले. मला वाटलं, घाबरली, आता सांगू नका म्हणून विनवते आहे. मी जरा वेळ घेतला. तिला जरा टांगून ठेवलं.

“नाही,” मी म्हटलं.

तिनं मान खाली घातली. मला वाटलं, सुटली बिचारी. डॉक्टरीणबाईंनी यादीवर खूण केली आणि गोळ्या दुप्पट केल्या.

सातव्या महिन्यात एका मोठ्या हॉटेलाचं काम आलं. चार हजार कप, शुभ्र पांढरे, जराही डाग चालणार नाही. मामंजींनी तीन खाणींमधून नमुन्याच्या अकरा गोण्या मागवल्या. अकरा गोण्या, प्रत्येकीतून वरची, मधली, तळची चिमूट. पोट वर आलेली, पाय सुजलेली, ओठांचा रंग गेलेली धाकटी गोण्यांमधे पाट टाकून बसवली. मामंजी शेजारी खुर्चीवर. हॉटेलाचा खरेदी बघणारा माणूसही आला होता. मामंजी त्याला सांगत होते, “यंत्र चुकेल, पण ही चुकायची नाही. दोन जिवांची आहे ना, जीभ दुप्पट चालते.” तो माणूस हसला. मामंजीही हसले. कवळी सगळी दिसली.

तो माणूस गेल्यावर मी गोण्यांची तोंडं बांधायला गेले. ती तिथेच बसली होती. गाल भरलेला होता. तिनं गिळलं, आणि एवढ्याशा आवाजात म्हणाली, “ताई, मी नसले तर बरं होईल का हो?”

“काय?”

“पोटात हलतं तेव्हा वाटतं, कुणीतरी दार ठोठावतंय आणि घरात कुणीच नाहीये. मी आहे, पण मी नाहीये. माती तोंडात असते तेवढा वेळ डोकं गप्प बसतं. नाहीतर ते सारखं म्हणतं, तू मर, तू मर. मी मेले तर सगळ्यांना सोपं जाईल ना?”

आता मी काय म्हटलं ते सांगते. सांगायची लाज वाटते, म्हणूनच सांगते. मी म्हटलं, “चार हजार कपांना रेघ नको आहे, सुदैवानं. तेव्हा मरायला सवड आहे तुला. पण आधी त्या पाटावरून ऊठ.”

ती उठली. दोन पावलं चालली आणि पोट धरून खाली बसली.

आधी वाटलं कळा सुरू झाल्या. सातव्या महिन्यात कळा म्हणजे काय हे सांगायला नको. इस्पितळात नेईपर्यंत ती पांढरीफटक पडली होती आणि पोट दगडासारखं कडक. डॉक्टरीणबाई धावत आल्या. या वेळी बाहेरच्या तीस बायका त्यांनी तशाच बसवून ठेवल्या. पोरीचं रक्त निम्म्याच्याही खाली गेलं होतं. बाळाचे ठोके होते, पण ते भराभर पडत होते. त्यांनी एका सर्जनला बोलावलं. तो पोट दाबून बघत होता आणि ती ओरडत होती.

थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. बाकावर आम्ही चौघं होतो. मामंजी, भावोजी, हे आणि मी. “आतडं कशानं तरी अडलंय असं वाटतं,” त्या म्हणाल्या. “कशानं ते कळत नाही. गाठ असेल, पीळ बसला असेल, तर आत्ताच्या आत्ता पोट उघडावं लागेल. एवढ्या कमी रक्तावर उघडलं तर दोघांपैकी कुणाचीच खात्री देता येणार नाही. म्हणून परत विचारते. नीट आठवून सांगा. तिच्या पोटात अन्नाखेरीज काही गेलंय?”

“काही नाही,” भावोजी म्हणाले. रडत म्हणाले, पण तेच म्हणाले.

“आमच्याकडे खाण्यापिण्याची आबाळ नाही,” मामंजी म्हणाले. “दूध, फळं, सगळं असतं.”

माझा नवरा जमिनीकडे बघत होता. भट्टी नसली की त्याला कुठे बघावं ते कळत नाही.

दहा मिनिटं नाहीत, दहा श्वासांचीही ती वेळ नव्हती, पण मला तेवढ्यात सगळा हिशेब दिसला. आता बोलले तर पहिला प्रश्न येईल, तुला कधीपासून माहीत होतं? आणि त्याला उत्तर आहे. बोलले नाही तर कुणीच कधी विचारणार नाही. पोट उघडतील, त्यात जे सापडायचं ते सापडेल, आणि मी सगळ्यांबरोबर पदर डोळ्याला लावीन. मी ते करू शकले असते. इतकी नीच मी होते, हे मला त्या बाकावर समजलं.

“माती,” मी म्हटलं. “चिनी माती. कपांची. दिवसाला तीन-चार मुठी. आणि भाजलेल्या कपांचे तुकडे. आज तर सकाळपासून अकरा गोण्यांमधली.”

“काय बोलतेस?” मामंजी उठले. “चाखते ती! कामच आहे तिचं. चाखते आणि थुंकते.”

“थुंकायचा डबा चौथ्या महिन्यापासून कोरडा आहे, मामंजी. रोज मी धुते. तुम्हाला हवा तर आणून दाखवते.”

“वहिनी, तुम्हाला…” भावोजी माझ्याकडे वळले. “तुम्हाला माहीत होतं? मागच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा…”

“होतं.”

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे एक क्षण बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मी ओळखते, कारण तशीच मी आयुष्यभर इतरांकडे बघत आले आहे. मग त्या वळून आत पळाल्या. पोट उघडलं नाही. नळ्या घातल्या, औषधं दिली, एनिमा दिले, दीड दिवस चाललं. दोन नर्सबाई आळीपाळीनं ते निस्तरत होत्या आणि कपाळाला आठी नव्हती. रक्ताच्या तीन पिशव्या चढवल्या. दुसऱ्या दिवशी सर्जन म्हणाला, मार्ग मोकळा झालाय. बाळाचे ठोके ताळ्यावर आले.

या दीड दिवसात माझ्याशी कुणी बोललं नाही. मामंजींना सुनेच्या जिवापेक्षा हॉटेलवाल्याला काय सांगायचं ही चिंता जास्त होती, आणि तरी सगळ्यात मोठा राग त्यांना माझा होता. भावोजी मला बघून तोंड फिरवायचे. तोंड फिरवण्यात तो माणूस पटाईत आहे, दोन वर्षं बायकोसमोर तेच करत होता. मी त्यांना काही म्हटलं नाही. ज्याच्या घराला भिंतीच नाहीत त्यानं दुसऱ्याच्या घरावर दगड मारू नयेत एवढी अक्कल मला तोवर आली होती.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मनाच्या डॉक्टरांना बोलावलं. मामंजी लगेच म्हणाले, “वेड्यांच्या डॉक्टरची गरज नाही. माती खायची सवय आहे, सोडवू.” डॉक्टर म्हणजे चष्मा कपाळावर चढवलेला एक शांत माणूस होता. त्यानं मामंजींना खुर्ची दिली आणि मग त्यांच्याकडे बिलकूल लक्ष दिलं नाही. धाकटीशी तासभर बोलला. मग आम्हाला आत बोलावलं. म्हणाला, रक्त कमी असलं की असली खा-खा सुटते, आणि मन खचलं की ती धरून ठेवते. दोन्हीवर इलाज आहे, दोन्हीला वेळ लागेल. यात तिचा नाटकीपणा नाही आणि चटकही नाही. मरण्याचे विचार रोज येतायत, त्यामुळे बाळंत होईपर्यंत आणि नंतरही काही महिने तिला एकटीला सोडायचं नाही. कुणीतरी एक माणूस सतत बरोबर हवं.

“कोण राहील?” त्यानं विचारलं.

भावोजी म्हणाले, “मी राहीन,” आणि त्याच वेळी त्यांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो बंद केला, पण बघून बंद केला. मामंजी म्हणाले, “आम्ही सगळेच आहोत की.” सगळेच म्हणजे कुणीच नाही, हे डॉक्टरलाही कळलं असावं.

“तुम्हाला कोण हवंय?” त्यानं धाकटीला विचारलं.

तिनं उशीवरून मान वळवली. “ताई,” ती म्हणाली.

मला वाटलं, हिच्या डोक्यावर खरंच परिणाम झालाय.

“यांना माहीत होतं आणि यांनी लपवलं!” भावोजी म्हणाले. “दोघं मेली असती तुम्ही!”

“हो,” धाकटी म्हणाली. “पण त्यांना माहीत होतं. तुम्हाला कुणालाच नव्हतं. तुम्ही सगळे चांगले आहात. पण त्या बघतात.” मग माझ्याकडे वळून, तेवढ्याच आवाजात, “ताई, मी रोज तुमच्यासमोर बसूनच खायचे. मला थांबता येत नव्हतं. वाटायचं, आज ओरडतील. आज हात धरतील. डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं तेव्हा मी देवाला म्हटलं, सांगू दे त्यांना. तुम्ही नाही म्हणालात.”

नऊ वर्षं मी माती चाखली, वीस वर्षं कप निवडले. केसाएवढी चीर मला पाच हातांवरून दिसते. आणि ही पोर दोन हातांवर बसून तीन महिने मला हाका मारत होती, आणि मी त्याला निर्लज्जपणा म्हणत होते. मामंजी मूर्ख, भावोजी आंधळे, माझा नवरा ठोंब्या, हे सगळं खरंच आहे. पण त्यांना दिसलं नव्हतं. दिसत असून न बघणारी घरात एकटी मी होते. मला माफी मागायची होती. मागितली नाही, सवयच नाही. डॉक्टरनं लिहून घेतलं, सोबत, थोरली जाऊ.

तेव्हापासून मी इस्पितळातच आहे. चार दिवस झाले. दिवसा खुर्चीवर बसते, जेवण भरवते, गोळी जिभेखाली लपवली नाही ना ते बघते. ती फारसं बोलत नाही. मीही नाही. आम्हा दोघींना अजून एकमेकींशी बोलायचं कसं ते ठाऊक नाही.

आज दुपारी मी तिचे केस विंचरत होते. खाटेमागच्या भिंतीचा गिलावा ओलीनं सुटलेला आहे. माझा हात मधेच थांबला. तिच्या उजव्या हाताची नखं पांढरी होती, आणि तिचा जबडा हळूहळू हलत होता.

माझ्या डोक्यात जुनं सगळं आलं. कोण मधे पडणार. नर्सला सांगू नंतर. बघितलंच नाही असं करू. कंगवा तसाच केसांत होता.

“अगं ए!” मी ओरडले. इतक्या जोरात, की समोरच्या खाटेवरची बाई दचकून उठून बसली आणि दारातून नर्स आत आली. “काय घातलंस तोंडात? दाखव! दाखव आधी! भवाने, लाज नाही वाटत? पोटात पोर आहे तुझ्या! आ कर!”

मी तिचा हात मनगटाला धरला. दुसरा तळहात तिच्या हनुवटीखाली नेला. सगळा वॉर्ड आमच्याकडे बघत होता, आणि उद्यापर्यंत मी कजाग जाऊ म्हणून साऱ्या इस्पितळात माहीत होणार होते.

धाकटीनं माझ्याकडे बघितलं. मग ती मोठ्यानं, हुंदके देत, लहान पोरासारखी रडायला लागली. इतक्या महिन्यांत तिला आवाज करून रडताना मी ऐकलं नव्हतं. रडता रडता तिनं तोंड उघडलं आणि तो गिलाव्याचा ओला लगदा माझ्या हातावर थुंकला.